लेजर ते सर्व्हर : बँकेतल्या संगणकाची गोष्ट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आपल्या सेक्रेटरींचा आग्रह. मी पडलो बँकवाला. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहितो.

मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेचा सगळा कारभार जाडजूड लेजरांवर चाले. चेक दिला की हातात पितळी टोकन, मग बाकावर बसून नंबर पुकारण्याची वाट पाहायची. बॅलन्सिंगला चार आण्यांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत घरी जायची सोय नव्हती. सहामाहीचं व्याज काढताना तर रात्रीचे दहा वाजत.

संगणक येणार म्हटल्यावर पहिली भीती वाटली ती नोकरीची. युनियनचा विरोध होता आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला आणि मर्यादित यंत्रांना वाट मिळाली. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९८४ साली आला. मग शाखांत 'एएलपीएम', म्हणजे लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. लेजर मशिनमध्ये गेलं, पण प्रत्येक शाखा मात्र एक बेटच राहिली. पुढे १९९९ साली 'वाय-टू-के'ची धास्ती. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले. २००० साल उजाडलं की '००' म्हणजे १९०० समजून व्याजाचा घोळ होणार! त्यासाठी सॉफ्टवेअर तपासून दुरुस्त करावी लागली.

खरा बदल झाला तो कोअर बँकिंगने. शाखेतला सर्व्हर गेला, सगळी खाती मध्यवर्ती ठिकाणी जोडली गेली आणि 'शाखेचा खातेदार' हा 'बँकेचा खातेदार' झाला.

याचा सामान्य माणसाला काय फायदा झाला? एक उदाहरण देतो. पूर्वी बचत खात्यात महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज मिळे. रिकाम्या खात्यात एखाद्याने ११ जूनला ५०,००० रुपये भरले आणि २८ जुलैला सगळे काढले, तर व्याज शून्य! हाताने रोजचा हिशेब करणं शक्यच नव्हतं. शाखा संगणकीकृत झाल्यामुळे रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज लागू केलं. तेव्हाच्या साडेतीन टक्के दराने त्याच माणसाला सुमारे २२५ रुपये मिळाले असते. रक्कम लहान, पण हक्काची.

आता दुसरी बाजू. कोअर बँकिंगवर जाताना आमच्याही शाखेत जुनी माहिती नव्या सिस्टिममध्ये चढवली गेली. शिल्लक पैशापैशाने जुळवली. काही वर्षांनी एक बाई पतीच्या निधनानंतर आल्या. स्क्रीनवर नॉमिनीचा रकाना कोरा. समोरचा तरुण अधिकारी म्हणाला, "नॉमिनेशन नाही, वारसाचे कागद आणा." बाई रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, "साहेब, यांनी माझ्यासमोर सही केली होती हो." मी रेकॉर्ड रूम उघडायला लावली. दोन तास धूळ खाल्ल्यावर जुन्या रजिस्टरात नोंद सापडली. चूक मशीनची नव्हती, आमची होती. आकडे जुळवले, पण नॉमिनीचा रकाना कुणी ताडून पाहिलाच नाही.

म्हणून सांगतो मंडळी, यंत्र बदला, सॉफ्टवेअर बदला, पण जुनं दप्तर रद्दीत घालण्यापूर्वी नव्याशी ओळ न् ओळ ताडून पाहा. आपल्या सोसायटीचे हिशेबही आता संगणकावर आहेत. मेंटेनन्स मोबाईलवरून जातो, पावती व्हॉट्सअपवर येते. छानच आहे. पण नॉमिनेशन रजिस्टर आणि शेअर रजिस्टर सांभाळून ठेवा, बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा. आणि प्रत्येकाने एकदा बँकेत आणि सोसायटीच्या ऑफिसात जाऊन स्वतःचं नॉमिनेशन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा!