संरक्षणासाठीचे १०० रुपये नेमके जातात कुठे?

अर्थसंकल्प आला की सोशल मीडियावर एक आकडा फिरू लागतो: संरक्षणावर इतके लाख कोटी! मग कोणी लढाऊ विमानांचे फोटो टाकतं, तर कोणी तेवढ्यात किती शाळा झाल्या असत्या याचा हिशोब मांडतं. पण या पैशांतला मोठा भाग विमानांकडे जातच नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६.८१ लाख कोटी रुपयांची तरतूद झाली. केंद्राच्या एकूण खर्चाच्या हे १३.४५ टक्के. (बीएसएफ, सीआरपीएफ यांचा खर्च यात नाही, तो गृह मंत्रालयाच्या खात्यात दिसतो.) ही रक्कम १०० रुपये धरली, तर विमानं, जहाजं, तोफा अशा भांडवली खर्चाला जेमतेम २६ रुपये मिळतात. पगार-भत्त्यांना सुमारे २९, पेन्शनला २४. इंधन, दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्ती यांना १७. उरलेले ४ तटरक्षक दल, सीमेवर रस्ते बांधणारी बीआरओ वगैरेंना.

म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा पगार आणि पेन्शनचा. एकट्या पेन्शनचे १.६१ लाख कोटी हे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अख्ख्या तरतुदीपेक्षा, १.२९ लाख कोटींपेक्षा, जास्त आहेत. ही तुलना जरा जपूनच करायला हवी, कारण शाळांचा बराचसा खर्च राज्यं उचलतात.

पेन्शन इतकी मोठी का? सैन्य तरुण ठेवावं लागतं. जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो आणि पुढे कित्येक दशकं पेन्शन घेतो. त्यात १ जुलै २०१४ पासून 'वन रँक वन पेन्शन' लागू झाली. माजी सैनिकांची ही मागणी जुनी आणि रास्त होती, पण तिजोरीवरचा भार वाढला तो कायमचा.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी फक्त २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर सैन्यात कायम राहतील; बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन बाहेर पडतील, पेन्शनशिवाय. पेन्शनचं बिल मात्र लगेच उतरणार नाही. २०२२ मध्ये जुन्या पद्धतीने भरती झालेला जवानही साधारण २०३७ नंतरच पेन्शन घेऊ लागला असता. बचत सुरू होईल ती तेव्हा. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या तरुणाला नोकरी शोधावी लागेल ती मात्र २०२६ च्या अखेरीपासूनच.