'इट्स'ची अपॉस्ट्रॉफी

'त्याचे' या अर्थाच्या 'इट्स'मध्ये कुणी अपॉस्ट्रॉफी घातली, की आम्ही अध्यापक लाल शाई उचलतो. हे चिन्ह इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचच्या प्रभावाने आले, गळलेल्या अक्षराची खूण म्हणून. पुढे नामांच्या षष्ठीतही ते रुजले. जुन्या 'एस्' प्रत्ययातला स्वर तिथे लोपलाच होता. नामाला लागलेला नियम सर्वनामालाही लागला. सतराव्या-अठराव्या शतकांत 'इट्स'ची षष्ठी सुशिक्षित लेखकही चिन्हासह लिहीत. १८०० च्या सुमारास ते तिथून हटले आणि 'इट इज'च्या संक्षेपापुरते उरले. आजचा विद्यार्थी नकळत तेच जुने तर्कशास्त्र चालवतो. नियम अवश्य शिकवावा. मात्र ज्या चुकीला एकेकाळी शिष्टमान्यता होती, तिच्यावरून कुणाची बुद्धी जोखू नये, असे आम्हांस वाटते.