तुरुंगातला माणूस कुणाचा?

गोव्याच्या मुक्तिलढ्याची गोष्ट सांगताना सत्याग्रही आत कसे शिरले, हे आपण रंगवून सांगतो. ते तुरुंगातून बाहेर कसे आले, हे मात्र एका वाक्यात उरकतो. मला हा दुसरा भागच जास्त शिकवणारा वाटतो. कारण हातात शस्त्र नसलेला माणूस तुरुंगात गेला की त्याच्यासाठी बोलायचं कुणी आणि कोणत्या नात्यानं, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

१९४६ सालापासून पाहू. १८ जूनला डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. सप्टेंबरअखेर ते पुन्हा गोव्यात शिरले, तेव्हा पोर्तुगीजांनी त्यांना आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं. गांधीजी त्यांच्या बाजूनं जाहीरपणे उभे राहिले. सुमारे दहा दिवसांत लोहियांना सरहद्दीबाहेर नेऊन सोडण्यात आलं.

त्याच वर्षी त्रिस्ताँव ब्रागांझा कुन्हा यांनाही अटक झाली. त्यांचा गुन्हा काय, तर भाषणं आणि लेखन. लष्करी न्यायालयानं आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांची रवानगी थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात झाली. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे यांच्याही वाट्याला हद्दपारी आली. कुन्हा मुंबईला पोचले ते १९५३ मध्ये. लढा एकच, पण लोहिया सरहद्दीपलीकडचे पाहुणे होते आणि कुन्हा पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगालचे प्रजाजन. घरच्या माणसाला आम्ही काहीही करू, बाहेरच्यांनी बोलू नये, असा तो हिशेब होता.

१९५५ मध्ये हाच हिशेब पुन्हा दिसला. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात गेले. पाठोपाठ मधु लिमये, जगन्नाथराव जोशी आणि बंगालचे खासदार त्रिदिब चौधरी गेले. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, लिमयांना बारा. त्यांच्यामागे पुण्याची गोवा विमोचन सहायक समिती होती. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे समाजवादी, कम्युनिस्ट आणि जनसंघवाले तिथे एका सतरंजीवर बसले. आत एक खासदार होता, त्यामुळे कैद्यांचा विषय दिल्लीला बाजूला सारता येत नव्हता. ऑगस्ट १९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगालचे राजनैतिक संबंध तुटले. मग पोर्तुगालमध्ये भारताचे हितसंबंध सांभाळायचं काम इजिप्तकडे आलं. अखेर फेब्रुवारी १९५७ मध्ये हे भारतीय सत्याग्रही सुटले.

त्या दिवसांतला आनंद खराच होता. पण गोव्याचे कितीतरी स्थानिक सत्याग्रही तेव्हा आतच राहिले. त्यांनीही काठी उगारली नव्हती. मग त्यांच्यासाठी तितकाच आवाज का उठला नाही? मला वाटतं, आपण सुटका मागतो ती ओळखीच्या नावांची. पुढाऱ्याचं नाव सभेत घेता येतं. खेड्यातल्या शाळामास्तराचं नाव यादीत शेवटी येतं आणि यादी वाचणारा तिथवर पोचतोच असं नाही.

याचा कळस तेलो मास्कारेन्यस यांच्या बाबतीत झाला. ते पोर्तुगीज भाषेतले कवी, टागोरांचे अनुवादक. मुंबईहून ‘रेसुर्जे गोवा’ हे पत्र चालवायचे. १९५९ मध्ये ते पकडले गेले, शिक्षा चोवीस वर्षांची झाली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. आपल्या ताब्यात आलेले ३,००० हून अधिक पोर्तुगीज सैनिक १९६२ मध्ये मायदेशी परत गेले. तेलो मात्र पोर्तुगालच्याच तुरुंगात राहिले. मोहन रानडेही तिथेच होते. रानड्यांचा मार्ग सशस्त्र लढ्याचा, तेलोंचा लेखणीचा. पण ज्या भूमीसाठी दोघे आत होते, ती मोकळी झाल्यावरही दोघांची कोठडी बंदच राहिली.

रानड्यांसाठी सुधीर फडके यांनी चिकाटीनं खटपट केली. १९६८ मध्ये तमिळनाडूचे, तेव्हाच्या मद्रास राज्याचे, मुख्यमंत्री अण्णादुराई पोपना भेटले आणि त्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकला. एक मराठी गायक आणि एक तमिळ मुख्यमंत्री! दोघांपैकी कुणालाही यात मतं मिळायची नव्हती. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. तेलोंना १९७० साल उजाडावं लागलं. तोवर त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

राजकीय पाठिंबा म्हणजे नुसता ठराव नव्हे. ज्याच्याशी आपलं ना पक्षाचं नातं, ना भाषेचं, ना गावाचं, अशा माणसाला ‘हा आमचा आहे’ म्हणणं, हा त्याचा खरा अर्थ. ते म्हणायला आपण जितका वेळ लावतो, तितकी वर्षं आतला माणूस मोजत असतो.