रूट कॅनालनंतरचे भरण: मजबुती नेमकी कशाची?

दातांच्या भरणाचा इतिहास बहुतेक पुस्तकांत पदार्थांचा इतिहास म्हणून येतो. फ्रान्समध्ये चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दात भरू लागले, 1833 मध्ये ते मिश्रण न्यूयॉर्कला पोहोचले आणि पाऱ्यावरून तिथल्या दंतवैद्यांत मोठे भांडण जुंपले. 1890 च्या दशकात जी. व्ही. ब्लॅक यांनी भांडण बाजूला ठेवून मोजमाप सुरू केले. अमाल्गम घट्ट होताना किती फुगते, किती आकसते आणि माणूस दाढांनी किती बळाने चावतो, हे त्यांनी उपकरणे बनवून मोजले. माझ्या मते या विषयात अभियांत्रिकी इथून सुरू होते.

आजचे चांगले अमाल्गम दाबाखाली सुमारे 400 मेगापास्कल सहन करते. तरीही रूट कॅनाल केलेली दाढ काही वर्षांनी उभी चिरते. असे का?

बराच काळ उत्तर ठरलेले होते: आतला जिवंत गर काढला की दात सुकतो आणि ठिसूळ होतो. 1992 मध्ये सेजली आणि मेसर यांनी असे दात आणि त्याच तोंडांतले जिवंत दात तपासले. ठिसूळपणात फारसा फरक आढळला नाही. त्याआधी 1989 मध्ये री, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या उपदाढांवर केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. नुसत्या रूट कॅनालमुळे दाताचा ताठपणा 5 टक्के घटला. चावण्याच्या पृष्ठावर खाच कोरल्यावर 20 टक्के. शेजारच्या दातांकडील दोन्ही कडा कापल्यावर मात्र 63 टक्के!

भिलाईच्या विद्यार्थ्याला हे तुळईच्या गणितातून लगेच कळावे. दोन्ही कडा गेल्या की उरलेल्या भिंती एका टोकाला रोवलेल्या तुळयांसारख्या वागतात. जाडी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर तेवढ्याच आडव्या बलाने टोक आठपट सरकते. रूट कॅनालसाठी खाच खोल जाते, म्हणजे भिंत उंच होते. अमाल्गम या भिंतींना चिकटत नाही. ते मधे नुसते बसते.

चिकटवण्याची वाट 1955 मध्ये ब्युनोकोर यांनी दाखवली. त्यांनी फॉस्फोरिक आम्लाने दाताचे कवच खरखरीत केले. 1962 मध्ये बोवेन यांच्या रेझिनचे पेटंट आले आणि आजचे कॉम्पोझिट घडले. ते भिंती बांधून ठेवते, पण घट्ट होताना आकसून त्यांना आत ओढतेही.

मुळात बसवायच्या धातूच्या खिळ्याबद्दलही असाच गैरसमज होता. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे 200 गिगापास्कल, डेंटिनचा 18 च्या आसपास. खिळा वरचे भरण धरून ठेवतो, मुळाला बळ देत नाही. उलट त्यासाठी कोरताना निरोगी डेंटिन जाते. म्हणून कडा गेलेल्या दाढेवर भरणानंतर उंचवटे झाकणारी कॅप बसवतात.