बहिणाबाईंची गाणी आता कुणाची?

जळगाव-धुळ्याकडे बहिणाबाई चौधरींची गाणी ठाऊक नाहीत असं घर विरळाच. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्या गायच्या, मुलगा सोपानदेव ते उतरवून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या. १९५२मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं.

मग हक्क कुणाचा? लेखणी कुणाच्याही हातात असो, रचना बहिणाबाईंची. म्हणून हक्क त्यांच्या वारसांकडे गेला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्यावर प्रकाशनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. म्हणजे १९५२च्या पुस्तकातली गाणी १ जानेवारी २०१३पासून सगळ्यांची झाली. पॉडकास्टमध्ये वाचा, अ‍ॅपमध्ये टाका, परवानगी लागत नाही.

अमेरिकेत मात्र याच पुस्तकाला प्रकाशनापासून ९५ वर्षं, २०४७ संपेपर्यंत, संरक्षण आहे. जळगावात मोकळं झालेलं गाणं न्यू जर्सीत अजून बांधलेलं! शिवाय कुणी गायलेलं रेकॉर्डिंग उचलणार असाल, तर चाल आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, ते आधी तपासा.

आणि गाणं शेअर करताना खाली कवयित्रीचं नाव टाका. त्यांना ते लिहिता येत नव्हतं, आपल्याला येतं.