कोंडवाड्याची पावती

शहरातल्या निवासी संकुलात गाडी उभी केली म्हणून कुणी पाचशे रुपये मागितले, तर ते द्यायचे की नाही? हा प्रश्न आता आमच्या नेरच्या माणसालाही पडू लागला आहे. लेकरं अमरावतीला, नागपूरला, पुण्याला स्थिरावली. आपण चार दिवस त्यांच्याकडे जातो, फाटकातून आत शिरतो आणि परत निघताना चाकाला कुलूप लागलेले दिसते. या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो मोटारीपासून नाही, ढोरांपासून सुरू होतो.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना कोंडवाडा ठाऊक आहे. दुसऱ्याच्या वावरात शिरलेली गाय-म्हैस तिथे कोंडली जायची आणि दंड भरल्यावर सुटायची. यामागे १८७१ चा कॅटल ट्रेसपास अॅक्ट होता. त्याआधी १८५७ मध्येही असाच एक कायदा झाला होता. १८७१ च्या कायद्याने शेतकऱ्याला एक मोठा अधिकार दिला. आपल्या पिकाचे नुकसान करणारे जनावर तो स्वतः धरू शकत होता. पण ते घरी बांधून ठेवायची मुभा त्याला नव्हती. चोवीस तासांच्या आत ते कोंडवाड्यात पोचवावे लागे.

पुढची व्यवस्था तर फारच बारकाईने केलेली होती. जनावर कोणते, किती, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आले आणि कुणी आणले, याची नोंद वहीत व्हायची. आणणाऱ्याला त्या नोंदीची नक्कल मिळायची. दंडाचे दर कायद्यातच ठरलेले होते : हत्तीला दोन रुपये, उंट किंवा म्हशीला आठ आणे, गाय-बैलाला चार आणे, शेळी-मेंढीला एक आणा. दंड आणि चारापाणी यांच्या दरांचा तक्ता कोंडवाड्यावर सगळ्यांना दिसेल असा लावणे सक्तीचे होते. जनावर बेकायदा धरले असे मालकाला वाटले, तर दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येई आणि शंभर रुपयांपर्यंत भरपाई मिळू शके. उलट धरलेले जनावर जबरदस्तीने सोडवून नेणाऱ्यालाही शिक्षा होती.

यातली मुख्य गोष्ट अशी की, दंडाचा पैसा वावराच्या मालकाच्या खिशात जात नव्हता. पिकाची भरपाई हवी असेल, तर त्याला वेगळा दावा लावावा लागे. ज्याचे नुकसान झाले त्यानेच आरोप करायचा, त्यानेच रक्कम ठरवायची आणि त्यानेच ती ठेवून घ्यायची, ही वाट कायद्याने बंद करून टाकली होती. राज्य परक्यांचे होते, कोंडवाड्यात गरिबाची पिळवणूकही होत असे; तरी हे तत्त्व मात्र पक्के होते.

आता वावरातून इमारतीकडे येऊ. आपल्या देशात सहकारी संस्थांचा पहिला कायदा १९०४ चा, दुसरा १९१२ चा. १९१५ मध्ये मुंबईच्या गावदेवी भागात सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. मध्यमवर्गीय माणसांनी एकत्र येऊन जागा घ्यावी, घरे बांधावीत आणि त्यांचा कारभार स्वतःच पाहावा, ही त्यामागची कल्पना. त्या काळी सभासदांपुढे भाड्याचा आणि कर्जाच्या हप्त्याचा प्रश्न होता. गाडी कुठे लावायची, हा प्रश्न अजून यायचा होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत मालकी हक्काच्या सदनिका विकल्या जाऊ लागल्या आणि फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या. १९६० मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली आणि १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अॅक्ट, म्हणजे मोफा, आला. बिल्डरने काय विकायचे, काय उघड करायचे आणि इमारत संस्थेच्या ताब्यात कशी द्यायची, हे त्यात आले. पुढे गाड्या वाढल्या. खांबांवर इमारत उचलून खाली मोकळी ठेवलेली जागा, म्हणजे स्टिल्ट, सोन्याच्या भावाची झाली. घर विकून झाल्यावर ही जागा वेगळी विकण्याची प्रथा पडली.

तिला आव्हान मिळाले ते दहिसर पूर्वेच्या आनंदनगरातल्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात. नहालचंद लालूचंद या बिल्डर कंपनीचे म्हणणे असे की, स्टिल्टमधल्या पंचवीस जागा आपल्या आहेत आणि संस्थेने त्यांत दखल देऊ नये. शहर दिवाणी न्यायालयाने २००७ मध्ये हा दावा फेटाळला. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये अपील फेटाळले. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आर. एम. लोढा आणि न्या. ए. के. पटनाईक यांनीही तोच निर्णय कायम केला. स्टिल्टची जागा म्हणजे सदनिका नव्हे, गॅरेजही नव्हे. ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते आणि मोफाखाली बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यानंतर नव्या प्रकल्पांचे नियम काहीसे निराळे झाले. गॅरेज आणि छताखालची जागा विकता येते, पण मोकळ्या जागेचे पार्किंग विकता येत नाही, असे महारेराने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

जागा संस्थेची ठरली म्हणजे समितीला मोकळे रान मिळाले, असे नाही. राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे पार्किंगचे शुल्क सर्वसाधारण सभा ठरवते. जागेपेक्षा गाड्या जास्त असतील, तर वर्षाच्या मुदतीने चिठ्ठ्या टाकून वाटप होते. ज्याला जागा मिळाली त्याने गाडी लावली काय, न लावली काय, शुल्क द्यायचेच. नियम मोडणाऱ्या सभासदाला दंड होऊ शकतो, पण आधी सर्वसाधारण सभेची मंजुरी, मग कारणे दाखवा नोटीस, मग त्याचे म्हणणे ऐकणे, आणि वर्षाकाठी एकूण पाच हजार रुपयांची मर्यादा. कोंडवाड्याची वही आणि तक्ता इथे नव्या कपड्यांत दिसतात.

कागदावरचा नियम फाटकापाशी कसा वागतो, ते मी एकदा पाहिले आहे. पुतण्याकडे गेलो होतो. चौकीदाराने दाखवलेल्या पाहुण्यांच्या जागेतच गाडी लावली होती. जेवून खाली येतो तर चाकाला जॅमर. पाचशे रुपये द्या, पावती नाही. मी ठराव पाहायला मागितला. सचिवांनी वही आणली. त्यातला ठराव सभासदांच्या जादा गाड्यांपुरताच होता. जॅमर निघाला. सचिवांचेही खोटे नव्हते. बाहेरचे लोक दिवसदिवस गाड्या लावून जातात, म्हणाले. पण जिना चढताना पुतण्या हळूच बोलला, ‘काका, तुम्ही उद्या नेरला जाल, मला इथंच राहायचं आहे.’ पाचशे रुपयांपेक्षा मला ते वाक्य जड वाटले. शेजाऱ्याशी वाकडे येईल या धास्तीने माणसे मुकाट्याने पैसे देतात, आणि त्याच धास्तीवर बिनपावतीची वसुली चालते.

हा वाद जगभर आहे. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीस एका खटल्यात जॅमर लावणाऱ्यांनी चक्क ढोरे कोंडण्याच्या जुन्या हक्काचा आधार घेतला होता. नुकसानच झालेले नसताना तो आधार चालणार नाही, असे न्यायालय म्हणाले. ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत कायदेशीर अधिकाराशिवाय जॅमर लावणे गुन्हा ठरले. मात्र २०१५ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी वाहनतळाचा ८५ पौंडांचा आकार योग्य ठरवला, कारण फलक ठळक होते आणि अट स्पष्ट होती. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ सांगते की, दंडाचा आकडा आधी लिहिलेला असला, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये सार्वजनिक जागेतल्या गाडीला जॅमर लावण्याची परवानगी देण्याचा अधिकार आहे तो गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला.

म्हणून अशी मागणी आली की भांडू नये आणि घाबरूही नये. जागा कुणाची, ठराव कुठल्या सभेचा, तो पाहुण्याला लागू आहे का, हे शांतपणे विचारावे. पैसे द्यावे लागलेच तर संस्थेच्या नावाची पावती घ्यावी आणि हरकत लेखी नोंदवावी. सभासद असाल तर आधी समितीकडे, मग उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात जाता येते. आणि जागा खरोखर दुसऱ्याची असेल, फलक समोर असेल, दर ठरलेला असेल, तर आपली गाडी काढून घ्यावी आणि शुल्क भरावे. आता तालुक्याच्या गावांतही सदनिका उभ्या राहत आहेत. तिथे पहिली सर्वसाधारण सभा भरेल, तेव्हा पाहुण्यांच्या गाड्यांचा नियम आणि दर तिथेच ठरवून फाटकावर लावावा. दारात आलेल्या पाहुण्याशी मग वाद घालायची वेळ येणार नाही.