बंदूक आणि पुस्तक

एकोणिसाव्या शतकांत पांखराचें नांव निश्चित करावयाचें तर अभ्यासकास बहुधा प्रथम बंदूक उचलावी लागे. ग्रंथांतील बारीक वर्णनें मृत पक्षी हातीं घेऊनच ताडून पाहतां येत.

१८८९ सालीं अमेरिकेंत फ्लॉरेन्स मेरियम या विदुषीनें नाटकगृहांतील साध्या दुर्बिणींतून पक्षी ओळखावयास शिकविणारें पुस्तक लिहिलें. पुढें १९३४ सालीं रॉजर टोरी पीटरसन यांचें मार्गदर्शक पुस्तक बोस्टन येथें निघालें. त्यांत दुरून दिसणाऱ्या ठळक खुणांवरच भर होता. दोन हजार प्रतींची पहिली आवृत्ति हां हां म्हणतां संपली.

मुंबईकडे सलीम अली यांनीं लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पिवळ्या कंठाची एक चिमणी पाडली होती. ती कोणती, हें विचारावयास ते बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले आणि तेथील संग्रह पाहून पक्ष्यांच्या नादीं लागले. त्याच संस्थेनें १९४१ सालीं त्यांचें ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हें रंगीत चित्रांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

अशीं पुस्तकें सामान्य वाचकाच्या हातीं आलीं आणि केवळ नांव जाणण्यासाठीं पांखराचा जीव घेण्याचें कारण उरलें नाहीं.